आम्ल, आम्लारी आणि क्षार : रंग, जोडी आणि प्रमाण



'आम्ल, आम्लारी आणि क्षार' हा घटक सहावी ते आठवीच्या मुलांना वरवर सोपा वाटतो. आम्ल चवीला आंबट, आम्लारी स्पर्शाला बुळबुळीत, आम्लात निळा लिटमस तांबडा होतो, आम्लारीत तांबडा लिटमस निळा होतो. एवढं पाठ झालं की पेपरात गुण मिळतात. पण धडा संपल्यावर वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : "हातावर ॲसिड सांडलं तर काय कराल?" हमखास येणारं उत्तर म्हणजे, "त्यावर सोडा लावायचा, म्हणजे ॲसिड उदासीन होईल."

हे उत्तर पाठाला धरून आहे, मुलाने डोकंही चालवलं आहे. तरीही तसं करणं धोक्याचं आहे. असं का होतं? कारण आपण मुलांना कोण आम्ल आणि कोण आम्लारी ही नावं शिकवतो. ते किती आहे आणि एकत्र आल्यावर काय घडतं, हे मागे राहतं. म्हणून हा घटक तीन पायऱ्यांनी घ्यावा : आधी रंग, मग जोडी, मग प्रमाण. लागणारं बहुतेक साहित्य स्वयंपाकघरातच मिळतं.

आधी शब्दांची गडबड सोडवू

या घटकात मुलं अडखळतात ती पुष्कळदा विज्ञानामुळे नाही, शब्दांमुळे.

'आम्लारी' हा शब्द फोडून दाखवा : आम्ल + अरी, म्हणजे आम्लाचा शत्रू. एकदा फोड कळली की मुलं तो शब्द विसरत नाहीत. जो आम्लारी पाण्यात विरघळतो त्याला अल्कली म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी, झाडांच्या राखेशी जोडलेला. आपल्याकडे पूर्वी भांडी राखेने घासायचे, ते याच गुणामुळे. लाकडाची राख अल्कधर्मी असते आणि तेलकटपणा काढते.

खरी अडचण आहे 'क्षार' या शब्दाची. आपल्या पाठ्यपुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून तयार होणारा पदार्थ, उदाहरणार्थ मीठ. पण आयुर्वेदात आणि घरगुती बोलण्यात 'क्षार' किंवा 'खार' हा शब्द जास्त करून अल्कधर्मी पदार्थांसाठी येतो. पापडखार, टाकणखार, जवखार ही नावं बघा, हे तिन्ही पदार्थ अल्कधर्मी आहेत. त्यात आजकाल मुलं मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघतात. हिंदी पुस्तकात आम्लारीला 'क्षारक', अल्कलीला 'क्षार' आणि आपल्या क्षाराला 'लवण' म्हणतात. म्हणजे शब्द तोच, अर्थ वेगळा! पालकांनी हे जरूर लक्षात ठेवावं. मूल घरी व्हिडिओ बघून 'क्षार म्हणजे बेस' म्हणालं, तर ते चुकीचं ऐकत नाहीये, दुसऱ्या भाषेतलं ऐकतंय.

तिसरा शब्द 'पित्त'. छातीत जळजळ झाली की आपण "पित्त झालं" म्हणतो. ती जळजळ जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लामुळे होते. विज्ञानाच्या पुस्तकातला पित्तरस मात्र यकृतात तयार होतो आणि तो किंचित आम्लारीधर्मी असतो. बोलीतलं पित्त आणि पुस्तकातला पित्तरस यांचा गुणधर्म जवळजवळ उलटा आहे, हे एकदा फळ्यावर लिहून दाखवाच.

पहिली पायरी : रंग

'आम्ल आंबट असतं' हे वाक्य खरं आहे, पण ती ओळखण्याची रीत नव्हे. लिंबू, चिंच, ताक, कोकम हे आपण खातो म्हणून त्यांची चव माहीत आहे. अनोळखी पदार्थ जिभेवर ठेवून ओळखायचा नाही, हा नियम वर्गात मोठ्या अक्षरांत लावावा. साबणाचा बुळबुळीतपणाही हात धुताना आठवायचा, दुसऱ्या कशाला बोट लावून बघायचं नाही.

मग ओळखायचं कसं? रंगावरून. इंग्लंडमधल्या रॉबर्ट बॉइल यांनी 1664 साली रंगांवरचं पुस्तक लिहिलं. त्यात व्हायोलेट फुलांचं सरबत आम्लाने तांबडं आणि अल्कलीने हिरवं होतं, अशी नोंद आहे. शाळेतला लिटमसही वनस्पतीसारख्या दिसणाऱ्या लायकेन नावाच्या सजीवापासून मिळतो. गोड्या मसाल्यातलं दगडफूल मुलांना दाखवा. तेही लायकेनच. लिटमस वेगळ्या जातीच्या लायकेनपासून करतात, पण गट एकच.

*प्रयोग 1 : हळदीचा कागद*

साहित्य : हळद, पाणी, टिपकागद किंवा साधा पांढरा कागद.

कृती : हळदीची पातळ पेस्ट करून कागदाला लावा, वाळवा, पट्ट्या कापा. एकेका पट्टीवर लिंबाचा रस, ताक, साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि अंगाच्या साबणाचं पाणी यांचा एकेक थेंब टाका. धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि चुन्याची निवळी यांचे थेंब मात्र शिक्षकांनीच टाकावेत.

निरीक्षण : साबण, धुण्याचा सोडा आणि चुन्याची निवळी यांनी पट्टी तांबडी होते. खाण्याच्या सोड्याने फिकट नारिंगी-तांबूस झाक येते. लिंबू, ताक, साखर आणि मीठ यांनी पट्टी पिवळीच राहते.

इथे घाई करू नका. मुलं लगेच लिहितात, "पिवळं राहिलं म्हणजे आम्ल." मग विचारा, "साखरेचं पाणी आम्ल आहे का?" हळद फक्त आम्लारी ओळखून देते, आम्ल आणि उदासीन पदार्थ यांतला फरक तिला दाखवता येत नाही. 'बदल दिसला नाही' यावरून किती निष्कर्ष काढता येतो, हे शिकवायला यापेक्षा सोपं उदाहरण सापडणार नाही.

आता तांबड्या झालेल्या डागावर लिंबाचा थेंब टाका, पुन्हा पिवळा! पांढऱ्या सदऱ्यावरचा आमटीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो आणि पाण्याने खळबळल्यावर परत पिवळा दिसतो, तो याचमुळे. पारंपरिक कुंकूही हळदीपासून, चुन्यासारखा पदार्थ वापरून करत आले आहेत. पंढरपूरचं कुंकू मुलांनी पाहिलेलं असतं, तेवढा उल्लेख पुरे.

*प्रयोग 2 : जास्वंदीचं पाणी*

लाल जास्वंदीच्या चार-पाच फुलांच्या पाकळ्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा आणि पाणी गाळून घ्या. हे पाणी छोट्या वाट्यांत घालून वरचेच पदार्थ एकेक करून मिसळा. आम्लात ते गडद गुलाबी होतं, आम्लारीत हिरवं. मिठाच्या आणि साखरेच्या पाण्यात रंग विशेष बदलत नाही. हळदीला जमलं नव्हतं ते जास्वंदीने केलं. असे रंग बदलून माहिती देणारे पदार्थ म्हणजे 'दर्शक'.

दुसरी पायरी : जोडी

आम्ल म्हणजे नेमकं काय, याचं उपयोगी उत्तर स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांच्या विचारातून मिळालं. 1884 साली त्यांनी प्रबंध सादर केला तेव्हा त्याचं फारसं कौतुक झालं नाही. पुढे याच कामासाठी त्यांना 1903 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. सोप्या भाषेत सांगायचं तर, पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन आयन देतो तो पदार्थ आम्ल, आणि हायड्रॉक्साइड आयन देतो तो आम्लारी. हे दोन आयन एकमेकांना भेटले की पाणी तयार होतं. उरलेल्या दोघांची जोडी म्हणजे क्षार. फळ्यावर असं लिहा :

हायड्रोक्लोरिक आम्ल + सोडिअम हायड्रॉक्साइड → मीठ + पाणी

यातला 'पाण्यात' हा शब्द महत्त्वाचा आहे. तो पटवायला पुढचा प्रयोग.

*प्रयोग 3 : कोरडं आणि ओलं*

एका कोरड्या ग्लासात अर्धा चमचा लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा एकत्र करा. काहीच होत नाही. आता दोन चमचे पाणी घाला. फस्स करून फेस वर येतो! आयन सुटे व्हायला पाणी हवं होतं. पोटासाठी घेतो ती ईनोची पुडी कोरडी असताना शांत असते आणि पाण्यात पडताच उसळते, त्यामागे हेच कारण. ढोकळ्याच्या पिठात ताक किंवा लिंबू घालून, मग वाफवायच्या अगदी आधी सोडा का घालतात, हे आता मुलंच सांगतील. बाहेर पडणारा वायू कार्बन डायऑक्साइड आहे. सोडा आधीच घातला तर तो वायू ढोकळा फुगवण्याआधीच निघून जाईल.

मुलांना ग्लासाला बाहेरून हात लावायला सांगा. तो गार लागतो. या अभिक्रियेत उष्णता शोषली जाते. पण हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडिअम हायड्रॉक्साइड एकत्र आले तर उलट उष्णता बाहेर पडते. किती? 36.5 ग्रॅम हायड्रोक्लोरिक आम्ल आणि 40 ग्रॅम सोडिअम हायड्रॉक्साइड यांच्या द्रावणांचं पूर्ण उदासिनीकरण झालं, तर सुमारे 57 किलोज्यूल उष्णता सुटते. एक लिटर पाण्याचं तापमान 13 ते 14 अंश सेल्सिअसने वाढवायला ती पुरेल. हा प्रयोग प्राथमिकच्या वर्गात करायचा नाही, पण हा आकडा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तिसरी पायरी : प्रमाण

वरच्याच समीकरणात आता वजनं भरू. 36.5 ग्रॅम आम्ल आणि 40 ग्रॅम आम्लारी यांपासून 58.5 ग्रॅम मीठ आणि 18 ग्रॅम पाणी तयार होतं. दोन्ही बाजूंची बेरीज 76.5 ग्रॅम. गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर वापरा.

मुलांना नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. दोन दाहक पदार्थ एकत्र येऊन रोजच्या जेवणातलं मीठ तयार झालं! पण हे प्रमाण नेमकं जुळलं तरच. आम्ल थोडं जास्त पडलं तर द्रावण आम्लधर्मी राहणार, आम्लारी जास्त पडला तर आम्लारीधर्मी. 'आम्ल + आम्लारी = उदासीन' असं अर्धवट वाक्य मुलांच्या डोक्यात बसतं आणि प्रमाणाची अट गळून पडते. ती अट हातांनी अनुभवता यावी म्हणून पुढचा प्रयोग.

*प्रयोग 4 : थेंब मोजू या*

साहित्य : औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे ड्रॉपर, लिंबाचा गाळलेला रस, एक ग्लास पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा विरघळवून केलेलं द्रावण, जास्वंदीचं पाणी, पांढऱ्या वाट्या.

कृती : वाटीत सोड्याच्या द्रावणाचे 20 थेंब घ्या आणि जास्वंदीच्या पाण्याचे 10 थेंब घाला. रंग हिरवट होईल. आता लिंबाचा रस थेंबाथेंबाने टाका, दर थेंबाला वाटी हलवा आणि थेंब मोजा. रंग गुलाबी होऊन टिकला की थांबा, आकडा लिहा.

आता तीन फेरबदल करून बघा.

1. सोड्याचे 40 थेंब घेतले तर लिंबाचे किती थेंब लागतात? (साधारण दुप्पट.)
2. लिंबाच्या रसात तेवढंच पाणी मिसळलं आणि सोड्याचे 20 थेंबच घेतले तर? (पुन्हा साधारण दुप्पट.)
3. दुसऱ्या झाडाचं लिंबू घेतलं तर? (हे गटांनी स्वतः शोधावं.)

दुसऱ्या फेरबदलातून 'संहत' आणि 'विरल' हे शब्द आपोआप स्पष्ट होतात. आम्ल तेच, फक्त त्यात पाणी जास्त. प्रत्येक गटाचा आकडा थोडा वेगळा येईल, येऊ द्या. थेंबांचा आकार, लिंबाचा आंबटपणा, रंग कुठे बदलला याचा अंदाज या सगळ्यावर तो अवलंबून आहे. आकडा जुळवून लिहायला लावू नका, वेगळा का आला ते विचारा.

सामू : प्रमाण मोजण्याची पट्टी

डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन्सन यांनी 1909 साली सामूची, म्हणजे पीएचची, मोजपट्टी सुचवली. शाळेत आपण ती 0 ते 14 अशी शिकवतो. शुद्ध पाण्याचा सामू साधारण 7. त्याखाली आम्लधर्मी, त्यावर आम्लारीधर्मी. काही अंदाजे आकडे : लिंबाचा रस 2 ते 2.5, ताक 4 ते 4.5, रक्त 7.35 ते 7.45, समुद्राचं पाणी 8.1, साबणाचं पाणी 9 ते 10, चुन्याची निवळी 12 च्या वर.

ही पट्टी फूटपट्टीसारखी नाही, हे ठासून सांगा. सामू 1 ने कमी झाला की आम्लता 10 पट वाढते, 2 ने कमी झाला की 100 पट. 5 आणि 6 यांत 'एकाचा फरक' दिसतो, पण तो दसपट असतो.

शेतकरी पालकांना सामू हा शब्द आपल्यापेक्षा जास्त ओळखीचा असतो. 2015 साली सुरू झालेल्या योजनेतून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर तो छापलेला असतो. मुलांना घरची पत्रिका आणायला सांगा आणि वर्गात वाचा. कोकणात पाऊस भरपूर, त्यामुळे जमिनीतलं कॅल्शिअम-मॅग्नेशिअम धुऊन जातं आणि जांभ्या जमिनी आम्लधर्मी होतात. तिथे चुना टाकतात, ते उदासिनीकरणच. याउलट सांगली-कोल्हापूर भागात पाण्याच्या अतिवापराने आणि निचऱ्याअभावी काही जमिनी खारवट, काही चोपण झाल्या. चोपण जमिनीचा सामू 8.5 च्या वर असतो आणि तिथे जिप्सम टाकतात. पण जिप्सम हे आम्ल नव्हे! त्यातलं कॅल्शिअम मातीला चिकटलेल्या सोडिअमची जागा घेतं आणि सुटलेलं सोडिअम निचऱ्याच्या पाण्याबरोबर निघून जातं. 'सामू जास्त आहे, मग आम्ल टाका' इतकं सरळ गणित शेतात चालत नाही.

खारट म्हणजे आम्लारीधर्मी, असाही एक समज असतो. मिठाचं पाणी खारट पण उदासीन. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर मात्र खारटही आहे आणि आम्लारीधर्मीही. त्याच्या पाण्याचा सामू 10 च्या आसपास नोंदवला गेला आहे. खारटपणा आणि सामू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला लोणारइतकं चांगलं उदाहरण नाही.

क्षार म्हणजे फक्त मीठ नव्हे

तुरटी, जिप्सम, नवसागर, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा हे सगळे क्षारच. आणि सगळे क्षार उदासीनही नसतात. खाण्याचा सोडा क्षार असून त्याचं द्रावण आम्लारीधर्मी, तर नवसागर क्षार असून त्याचं द्रावण किंचित आम्लधर्मी.

कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकतो तेव्हा पांढरा धूर येतो. उष्णतेने नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू सुटे होतात, आणि थंड हवेत ते पुन्हा एकत्र येऊन नवसागराचे बारीक कण होतात. तो धूर म्हणजे फुटलेली आणि परत जुळलेली जोडी! मधल्या वेळात आम्ल भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढतं, म्हणून कथील नीट बसतं. चिंचेने तांब्या-पितळेची भांडी उजळतात तेही यासारखंच. आणि कल्हई गेलेल्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, कारण आम्लाने धातूचे क्षार तयार होऊन अन्नात उतरतात. आजीला विचारून यायला सांगा, मुलं वहीभर माहिती आणतील.

मग ॲसिड सांडलं तर काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. हातावर सांडलेलं आम्ल किती आहे, किती संहत आहे, हे आपल्याला माहीत नसतं. मग सोडा नेमका किती टाकणार? कमी पडला तर आम्ल उरणार. आम्लारी तीव्र असेल आणि जास्त पडला तर त्याचीही इजा होणार. शिवाय आम्लारी तीव्र असेल तर उदासिनीकरणात सुटणारी उष्णता आधीच भाजलेल्या त्वचेवर सुटणार. 57 किलोज्यूलचा आकडा आठवा. आणि सोडा शोधण्यात गेलेला वेळ वेगळाच. भरपूर पाणी मात्र तिन्ही गोष्टी साधतं : पदार्थ विरल करतं, वाहून नेतं आणि उष्णता काढून घेतं.

म्हणून हे नियम पाठ करून घ्या :

1. आम्ल असो वा आम्लारी, अंगावर पडलं की वाहत्या पाण्याखाली किमान 20 मिनिटं धुवायचं. भिजलेले कपडे काढायचे. सोडा, लिंबू, हळद, तूप काही लावायचं नाही. मग दवाखाना.

2. डोळ्यात चुना गेला तर क्षणाचाही उशीर न करता स्वच्छ पाण्याने पापणी उघडी धरून धुवायचं, कण दिसले तर पाण्याच्या धारेनेच काढायचे, डोळा चोळायचा नाही, आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. पानाच्या चुन्याची पुडी किंवा डबी लहान मुलं खेळताना दाबतात आणि चुना डोळ्यात उडतो. 'चुना म्हणजे खायची वस्तू, त्याने काय होतंय' असं समजू नका. तीव्र आम्लारी डोळ्याच्या आत आम्लापेक्षाही खोलवर शिरतो आणि दृष्टी जाऊ शकते.

3. संडास साफ करायच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यात ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचा द्रव कधीही मिसळायचा नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. 'दोन्ही वापरलं तर जास्त स्वच्छ होईल' हा विचार जिवावर बेतू शकतो.

4. आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल थोडं थोडं घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही. आणि हे काम मोठ्यांचं.

5. असे द्रव थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायचे नाहीत. चुकून कुणी प्यायलं तर उलटी करायला लावायचं नाही. 108 ला फोन करून ताबडतोब दवाखान्यात न्यायचं.

मधमाशीच्या डंखाचं उदाहरण बऱ्याच ठिकाणी उदासिनीकरणासाठी दिलं जातं. मधमाशीच्या विषाचा त्रास मुख्यतः त्यातल्या मेलिटिनसारख्या प्रथिनयुक्त घटकांमुळे होतो, म्हणून त्वचेवर सोडा लावून तो नाहीसा होत नाही. काटा लवकर काढणं, जागा धुणं आणि थंड पाण्याची पट्टी ठेवणं हेच उपयोगी. श्वास लागला किंवा तोंडावर सूज आली तर लगेच दवाखाना. उदासिनीकरणासाठी चांगलं उदाहरण हवं असेल तर पोटातल्या जळजळीवरचं अँटासिड घ्या. तिथे सौम्य आम्लारी ठरलेल्या मात्रेत दिलेला असतो. प्रमाण तिथेही आलंच!

मूल्यमापनासाठी काही प्रश्न

1. हळदीच्या पट्टीवर एका द्रवाने काही बदल झाला नाही. तो द्रव आम्ल आहे असं म्हणता येईल का? पुढे काय कराल?
2. लिंबूफूल आणि सोडा कोरडे असताना अभिक्रिया का होत नाही?
3. एका विहिरीच्या पाण्याचा सामू 8 आणि दुसरीचा 9. दुसरीचं पाणी किती पट आम्लारीधर्मी?
4. 'सर्व क्षार उदासीन असतात.' चूक की बरोबर? उदाहरण द्या.
5. हातावर ॲसिड सांडलं तर सोडा का लावायचा नाही? दोन कारणं लिहा.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर मूल स्वतःच्या शब्दांत देऊ शकलं, तर घटक समजला असं खुशाल समजावं. त्यात रंग नाही, पण जोडी आहे, प्रमाण आहे आणि उष्णताही आहे.

पालकांना एकच विनंती. येत्या रविवारी मुलाला बरोबर घेऊन घरातल्या सफाईच्या बाटल्यांवरची नावं वाचा. कोणती आम्लधर्मी, कोणती आम्लारीधर्मी, कोणत्या दोन कधीच एकत्र करायच्या नाहीत, याची यादी मुलाच्याच अक्षरात लिहून घ्या आणि न्हाणीघराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. मग त्या सगळ्या बाटल्या लहानग्यांचा हात पोहोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवा.